बटण खाली घ्या की

“सर, ते ‘सुरू करा’चं बटण खाली घ्या की. वरची अर्धी काच गेलीय माझी.”

लातूरला आज पोरांना आमचं ॲप दाखवत होतो. हे म्हणणारी पोरगी औशाहून येणारी, डिप्लोमाची. लॅपटॉप नाही, हातात भावाचा जुना फोन. वर कितीही बोट टेकवा, काही होत नाही. खाली मात्र सगळं चालतं.

आमचं मुक्तस्रोत ॲप फोनचा एसएसएच (दुरून सुरक्षितपणे जोडायची पद्धत) सर्व्हर करतं. दुसऱ्या फोनवरून आत शिरायचं, कमांड द्यायच्या. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, शिकायला एवढं पुष्कळ. ॲपच्या आत ड्रॉपबेअर नावाचा छोटा एसएसएच सर्व्हर आहे, कमी मेमरीच्या यंत्रांसाठी लिहिलेला. रूटशिवाय, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा असल्याशिवाय, १०२४ च्या खालचे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) मिळत नाहीत, म्हणून एसएसएचच्या नेहमीच्या २२ ऐवजी २२२२.

एकदा सर्व्हर चालू झाला की स्क्रीनची गरज उरत नाही. फुटका फोन तर यासाठी उत्तमच! पण इन्स्टॉल केलेलं ॲप निदान एकदा हाताने उघडल्याशिवाय अँड्रॉइड त्याला फोनसोबत आपोआप सुरू होऊ देत नाही. ते एक बोट कुठे टेकवायचं, एवढंच ती विचारत होती.

बटण लगेच खाली आणलं. तरी डोक्यातून जाईना. कोड खुला आहे, हवं ते बदला, असं आपण अभिमानाने सांगतो. तिने बदलायचं तर कशावर?

आता गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, फोनच्या ब्राउझरमधूनच फाइल बदलायची आणि तयार एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून घ्यायची, अशी सोय लावतोय. तुमच्यापैकी कुणी असं पोरांकडून करून घेतलंय का?