जिरावनचा डबा

आमच्या इंदूरला पोह्यांवर जिरावन (वरून भुरभुरायचा मसाला) नसेल तर ते पोहे नाहीतच, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगून सांगून मी थकलेय. पण आज सांगायचंय ते भाचीबद्दल, डबा नुसता मधे येतो.

दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा भाची साडेतीनची होती. माझ्या डोक्यात विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांचा 1983 चा प्रयोग होता. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून बाहेर जातो, मागून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल, असं लहान मुलांना विचारायचं. म्हटलं आपल्याकडे मॅक्सी नाही पण आजी तर आहे. आई पूजेला बसली तशी मी भाचीच्या देखत जिरावनचा डबा ओट्यावरून उचलून फ्रीजमधे ठेवला आणि विचारलं, आजी आता कुठे शोधेल गं? "फ्लीजमधे!" वर माझ्याकडे असं बघितलं की मावशीला एवढंही कळत नाही.

तिचंही बरोबरच, मला माहितेय म्हणजे सगळ्यांना माहितेय. समोरच्याच्या डोक्यात वेगळं काही, चक्क चुकीचंसुद्धा असू शकतं हे कळायला साधारण चार वर्षं लागतात. मेंदूत उजव्या कानाच्या वर, जरा मागे एक जागा आहे, टेम्पोरो-पारायटल जंक्शन (रतलामसारखंच जंक्शन, फक्त चहा मिळत नाही). 2003 मधे रेबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी दाखवलं की दुसऱ्याला काय वाटतंय याच्या गोष्टी वाचताना ही जागा कामाला लागते, तो माणूस दिसतो कसा एवढंच वाचताना तेवढी नाही लागत.

अर्थात जागा असून सगळे वापरतात असं नाही. आमची आई फोनवर मामीला सरळ "अगं ती आली होती" म्हणून सुरू करते, कोण ती विचारलं की "तीच गं!" आणि कमाल म्हणजे मामीला कळतं, ते कुठलं जंक्शन मला माहीत नाही.

मेमधे भाची परत आली, आता चारची. पुन्हा तोच डबा, तोच फ्रीज. ती तोंडावर हात ठेवून खुदखुदली, "आजी ओट्यावरच शोधणार, तिला कुठे माहितेय!" मला इतका आनंद झाला की मी ताईला ऑफिसात फोन केला.

त्याच आठवड्यात रविवारी पोह्यांबरोबर आणलेल्या जिलब्यांतली एक कमी भरली. फ्रॉकवर पाकाचा डाग, आणि आईने विचारलं तर बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "आबांनी खाल्ली." आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, शुगर आहे आणि मागच्याच आठवड्यात ते सराफ्यात (आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गुपचूप रबडी खाताना सापडले होते, म्हणजे आजी कोणावर विश्वास ठेवणार नाही याचा हिशोब पोरीने केलेला होता.

आईने बाबांना जे झापलंय. भाचीने हळूच माझ्याकडे बघितलं, मी पोह्यांत बघितलं.