ग्रुप उभा येतो तेव्हा

तक्रार छर्र्यांबद्दल होती. १० मीटर एअर रायफल, ज्युनियर गटातली मुलगी, सरासरी चांगली. पण मध्येच एखादा फटका वर उडून दहाच्या खाली, ९.९ ला जायचा. कोचचं मत होतं, मुलगी दडपण घेते. बाबांचं मत होतं, छर्र्यांचा लॉट, म्हणजे ती खेपच, खराब. म्हणून डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत रायफलची पेटी सांभाळत बाप-लेक दोघं रायफल तपासून घ्यायला माझ्याकडे आले, सोबत चार वेगवेगळ्या लॉटचे डबे. ऐन जुलै, बाहेर धो धो पाऊस.

बाबांनी अभ्यास बराच केला होता. परदेशात रायफलवाले रिकामी पितळी केस पुन्हा भरतात, नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बसवतात, दारू काट्यावर तोलतात, हे त्यांनी वाचलं होतं. "सर, आपणही तसंच काही केलं तर?" आपल्याकडे काडतूस भरणं हे दारूगोळ्याचं उत्पादन ठरतं, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला परवाना लागतो. ५० मीटरच्या .२२ रायफलचं काडतूस तर तसंही पुन्हा भरण्यासारखं नसतं. त्याचं स्फोटक मिश्रण केसच्या कडेत पसरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपून टाकते. एअर रायफलमध्ये ना केस, ना दारू, छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो. तरी काडतूस भरणाऱ्यांची एक शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधी वेग मोजायचा.

त्यांनी छर्रे घरी तोलूनही आणले होते. पॉकेट काट्याची पायरी ०.०१ ग्रॅमची आणि छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे एक पायरीच जवळजवळ २ टक्के. मॅचच्या छर्र्यांमधला फरक त्या काट्याला दिसतच नाही. आणि वजन १ टक्क्याने चुकलं तरी वेग साधारण अर्धा टक्का हलतो, १० मीटरवर फटका जेमतेम ०.१७ मिलिमीटर सरकतो. दशांश गुणपद्धतीत ०.२५ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. तोलण्यापेक्षा छर्र्याच्या डोक्याचा व्यास बघावा. ४.४९ मिलिमीटर की ४.५०, हे बॅरल ठरवतं, डब्यावरची जाहिरात नाही.

लॉटची चाचणी नेहमीच्या पद्धतीने लावली. बट (खांद्याला टेकायचा भाग) काढून ॲक्शन, म्हणजे रायफलची यंत्रणा, क्लॅम्पमध्ये. बॅरलमधून फेल्टचे तुकडे कोरडे निघेपर्यंत मारायचे, मग १५-२० छर्रे नुसते सोडायचे, कारण साफ केलेल्या बॅरलमध्ये शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, स्थिर होत नाही. लॉट बदलला की पुन्हा दहाएक छर्रे वाया घालवायचे. दर लॉटचे १० छर्र्यांचे किमान पाच ग्रुप. एका ग्रुपवर लॉट निवडणं म्हणजे नाणं उडवणं. चांगल्या लॉटचं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ६ मिलिमीटरच्या आत येतं.

चारही लॉटचे ग्रुप उभे आले. आडवे घट्ट, उभे लांब. छर्रा बॅरलला मानवत नसेल तर ग्रुप सगळीकडून फुगतो. ॲक्शनचा स्क्रू सैल असेल तर बहुतेक वेळा दोन वेगळे पुंजके पडतात. नुसता उभा ताण म्हणजे संशय वेगावर. पण खरी गंमत दुसऱ्याच लॉटला ध्यानात आली: प्रत्येक कागदावर सगळ्यात वरचं भोक पहिल्या छर्र्याचं होतं. कागद बदलायला, नोंद करायला दोन-चार मिनिटं जात होती आणि त्यानंतरचाच फटका वर जात होता.

छर्र्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. ४०-४५ सेकंदांच्या अंतराने छर्रे १७१ ते १७३ मीटर प्रतिसेकंद. पाच मिनिटं रायफल तशीच ठेवून सोडलेला छर्रा १७८. लगेच पुढचा १७२. हिशेब सोपा आहे. १७२ ला छर्रा १० मीटरमध्ये सुमारे १६.६ मिलिमीटर खाली पडतो, १७८ ला १५.५. फरक १.१ मिलिमीटर, म्हणजे चांगला धरलेला फटकाही ०.४ गुणाने घसरणार. मुलीच्या फोनवर इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या वेळेसकट नोंदी होत्या. वर गेलेले जवळपास सगळे फटके तिने पाणी प्यायला किंवा श्वास सावरायला थांबल्यानंतरचे. दडपण आल्यावर थांबायचं, असं तिला शिकवलेलं. थांबली की फटका वर. कोचचा निष्कर्ष चुकीचा असला तरी निरीक्षण बरोबर होतं.

हा रेग्युलेटरचा दोष. रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला २०० बारपर्यंतचा दाब तो उतरवून एका ठरावीक पातळीवर धरतो. त्याची सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, नीट बसली नाही तर हवा सूक्ष्म झिरपत राहते, आतल्या कोठीतला दाब हळूहळू चढतो आणि थांबल्यानंतरचा पहिला छर्रा जोरात जातो. सिलिंडर काढला, उरलेली हवा ट्रिगर ओढून पूर्ण सोडली (हे केल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये) आणि रेग्युलेटर उघडला. तोंडाच्या फिल्टरवर पांढरी पूड. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं की आतून अशी पूड सुटते. सीटवर त्याच पुडीचा बारीक ओरखडा.

सीट आणि ओ-रिंगा (रबरी कड्या) बदलल्या, सिलिकॉन ग्रीसचा नुसता पुसट हात दिला. इथे साधं मशीन ऑइल कधीच नाही. दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. जोडल्यावर पाच मिनिटांनंतरचा छर्रा १७२ वर आला. मग चारही लॉट नव्याने तपासले. बाबांनी आधी "टाकाऊ" लिहिलेला ४.५० चा लॉट सगळ्यात घट्ट निघाला. सिलिंडर मात्र परत दिला नाही. आतून गंजलेला सिलिंडर मुदतीत असला तरी बाद.

पाणी आलं कुठून? क्लबात ज्या मोठ्या टाकीवरून सिलिंडर भरतात, तिच्यातून. पावसाळ्यात मुंबईची हवा ३०० बारपर्यंत दाबली की तिच्यातलं पाणी वेगळं होतं. कॉम्प्रेसरचा ड्रेन दर दहा-पंधरा मिनिटांनी सोडला नाही आणि ओलावा शोषणारं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही, तर ते पाणी थेट टाकीत. टाकी उलटी करून व्हॉल्व्ह जरासा उघडला तर हवेसोबत तुषार आले. त्याच टाकीवरून क्लबातल्या आणखी रायफली भरल्या जात होत्या. संध्याकाळी त्या सगळ्यांना फोन करून सिलिंडर न भरता घेऊन यायला सांगितलं.