किती दिस जगतंय ते सांगा

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा त्या सकाळी ३७ फुटांवर होती. जुलैत कोल्हापूरचा दिवस याच आकड्याने उजाडतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ऑफिसच्या वाटेवर पाणी यायची चिन्हं होती, म्हणून घरीच बसले, चहा केला आणि आलेले अर्ज वाचायला घेतले. नऊ होते. त्यातला सातवा अर्ज येऊन महिना उलटला, पण डोक्यातून जात नाही.

मी एका छोट्या निसर्गशिक्षण संस्थेत काम करते. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक मराठी सर्व्हर, म्हणजे आमचा स्वतःचा कट्टा, सुरू केला. तिथे तेरा वर्षांपुढची मुलं आणि बरीच मोठी माणसं कोळसुंदे होऊन लिहितात. कोळसुंदा म्हणजे आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला रानकुत्रा. प्रत्येकाचं एक जनावर, त्याचं वय, अंगावरच्या खुणा, स्वभाव. हे सगळं आधी अर्जात लिहून आमच्याकडून मंजूर करून घ्यायचं. एकाने लिहायचं की सावराई सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, धुकं उतरलंय आणि गव्याचा वास येतोय, दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं. 'मी शिकार मारली' असं परस्पर लिहिता येत नाही. 'झेप घेतो' इतकंच लिहायचं, पकड बसली की नाही ते बॉटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या, फाशावर ठरतं. आणि दुसऱ्याच्या जनावराला काय लागलं, किती लागलं, ते ज्याचं जनावर त्यानेच लिहायचं. या एका नियमावरची भांडणं सोडवण्यात माझे निम्मे तास जातात. संस्थेच्या वरिष्ठांना मात्र महिन्याला सभासद किती वाढले एवढंच हवं असतं.

आमच्या नियमावलीचा मला अभिमान आहे. आमचा कोळसुंदा चंद्राकडे बघून कधी विव्हळत नाही, कारण कोळसुंदे शीळ घालतात. कार्टून बघून आलेला प्रत्येक नवा खेळाडू पहिल्या पोस्टमध्ये लांडग्यासारखा हूऽऽ करतो आणि आम्ही ती पोस्ट परत पाठवतो. साधारण पंधरा किलोचं जनावर एकट्याने टनभर वजनाचा गवा पाडू शकत नाही, म्हणून एकट्याची शिकार सशापर्यंत किंवा फार तर पिसोरी या चिमुकल्या हरणापर्यंतच. शिकार पडली की पिल्लं आधी खातात. पिल्लं बिळात असतील तेव्हा एखादं मोठं जनावर राखणीला मागे थांबतं, आणि बाकीची परत आली की पोटातलं मांस ओकून पिल्लांना आणि आईला भरवतात. तेरा-चौदा वर्षांची मुलं हे सगळं न शिकवता शिकतात, कारण त्यांना ते स्वतः लिहावं लागतं. शाळेत वर्षानुवर्षं स्लाइड दाखवून मला हे जमलं नव्हतं.

अकरावा नियमही मीच लिहिलेला, २०२२ मध्ये: 'पाय गमावलेला, आंधळा किंवा बहिरा प्रौढ कोळसुंदा चालणार नाही.' त्यालाही कारण होतं. पहिल्या दोन वर्षांत दर दुसरा अर्ज आंधळ्या पण सगळं दिसणाऱ्या जनावराचा असायचा. तीन पायांचा कोळसुंदा सगळ्यांच्या पुढे पळायचा. अपंगत्व म्हणजे अंगावर घालायचा दागिना झाला होता. मला ते खटकायचं, आजही खटकतं.

तर सातवा अर्ज. नाव ठिकरी, वय तीन, मादी. डावा पुढचा पंजा क्लच वायरच्या फासकीत गेलेला. बाकी मजकूर बोलतो तसाच उतरवलेला: 'ती म्होरं पळत न्हाई. मागं ऱ्हाती. पर आवाज कुठनं आला ते तिलाच आदी कळतंय.'

मी वाचून थांबले होते, तेवढ्यात माझ्या सहकाऱ्याने उत्तर टाकूनही दिलं. हा मुलगा वन्यजीव विषयात एम.एस्सी. केलेला. अभ्यास पक्का, पण माणसाच्या अर्जाला तो तोंडी परीक्षेसारखं उत्तर देतो. त्याने लिहिलं, 'नियम ११. निसर्गात असा प्राणी जगत नाही. अर्ज नामंजूर.'

चार मिनिटांनी उत्तर आलं. 'सर, असलं जनावर किती दिस जगतंय ते सांगा की. तेवढंच दिस खेळतो. मग मारून टाका.'

वाद नव्हता, राग नव्हता. नियम मान्य होता, फक्त त्यातले दिवस मागितले होते. हे लिहिणारं कोण, मला माहीत नाही. 'खेळतो' म्हणजे मुलगाच असं कोल्हापुरात धरून चालत नाही, आमच्याकडे मुलीही 'मी येतो' म्हणतात. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला किंवा पायाला काही झालं होतं का, तेही माहीत नाही. आम्ही वय सोडून काही विचारत नाही, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं. खेळायची परवानगी मिळावी म्हणून कुणाला स्वतःचं शरीर उघडं करायला लागू नये.

मी सहकाऱ्याला फोन केला. "किती दिवस जगतं रे?"

"आठवडा. फार तर दोन."

"कुठे वाचलंस?"

"वाचायला कशाला पाहिजे? पळता येत नाही तर खाणार काय?"

इथे मी अडले, कारण अशा 'उघडच आहे'ने आम्ही एकदा फसलो होतो. सुरुवातीला सर्व्हरवर 'अल्फा' होता. अल्फाचं ऐकायचं, अल्फाला आव्हान द्यायचं, लढाई जिंकली की कळप तुझा. रोज रडारड. कुणी तक्रार केली की आम्ही म्हणायचो, वास्तव असंच असतं. मग शोधायला बसले तेव्हा कळलं की ही कल्पना लांडग्यांवरून आली आणि तीही कोंडलेल्या लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ मध्ये लिहिलं. एल. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली. त्याच मीच यांनी पुढे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर तेरा उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ काढले आणि १९९९ च्या लेखात सांगितलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबाप पोरांना हाकतात, त्याला गादी जिंकणं म्हणत नाहीत. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली होती, आणि आम्ही मात्र तिच्या नावाखाली शाळकरी मुलांना रडवत होतो. अल्फाचं चॅनेल मी त्याच आठवड्यात बंद केलं होतं.

म्हणून राधानगरीकडच्या एका निवृत्त वनरक्षक काकांना फोन लावला. पाऊस, रेंज नाही, दोनदा तुटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा विचारलं, तीन पायांचा कोळसुंदा बघितलाय का कधी?

"बघितलंय की. मागचा पाय न्हवता. दोन पावसाळं बघितलं मी तिला."

"खात काय होती?"

"बाकीची खाऊन आली की वकत्यात न्हवं? आन् मेलेल्या सांबराजवळ जायला काय पळाय लागतंय मॅडम?"

"मग काय झालं तिचं?"

"मग दिसली न्हाई."

एका माणसाने एक जनावर पाहिलं म्हणजे अशी सगळीच जगतात, असं नाही. कितीतरी फासकीतच मरत असतील. पण आम्ही 'जगत नाही' असं लिहिलं होतं, आणि ते खोटं पाडायला एकच पुरे. किती दिस, याचं उत्तर मला मिळालं नाही. निदान दोन पावसाळे.

संध्याकाळपर्यंत अकरावा नियम मी नव्याने लिहिला. इजा चालेल, पण तिची झळ प्रत्येक पोस्टमध्ये दिसली पाहिजे. पाठलागाचा फासा अशा जनावराला टाकता येणार नाही. खेळाच्या नकाशावर ठक्याच्या वाड्यापासून सड्यापर्यंत बाकीचे एका पोस्टमध्ये पोचत असतील तर याला तीन लागतील, आणि कळपाने थांबायचं की नाही ते कळप ठरवेल. इजेच्या बदल्यात जादा शक्ती कसलीही नाही. सहकारी म्हणाला, "आज पाय सोडलास, उद्या पंख मागतील." त्याने नियमाला होकार दिला, पण तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. मला त्याचं वाईट वाटतं. काटेकोरपणा हे त्याचं प्रेमच आहे. खोट्या जंगलाची त्याला मनापासून चीड आहे, आणि तसली माणसं आम्हाला हवीतच.

खेळात तेव्हा माघ चालू होता, म्हणजे पिल्लं बिळात. राखणीची पाळी ही आमच्याकडे शिक्षा समजली जायची. शिकारीला जायला न मिळालेले तिथे 'बसलो आहे' एवढं लिहून गप्प व्हायचे. ठिकरीने पहिल्याच दिवशी ती पाळी मागून घेतली. दोन ओळींच्या पोस्ट, तसल्याच बोलीत. बिळाच्या तोंडाशी ती कशी बसते: चांगला पंजा पुढे, थोटा पोटाखाली, कारण मातीत टेकला की दुखतो. कारवीत पाला वाजला की आधी कान फिरतो, मग मान, शरीर शेवटी, उठायला वेळ लागतो म्हणून. तिसऱ्या दिवशी पिल्लू झालेल्या एका मुलाने लिहिलं की ठिकरी चालते तसं चालायचा खेळ पिल्लांनी सुरू केलाय, सगळी एक पंजा वर धरून उड्या मारतायत आणि एकमेकांवर पडतायत. ठिकरीचं उत्तर आलं, 'ती बघत ऱ्हाती. मग पडलेल्याला तोंडानं उचलून सरळ करती. असं न्हवं, असं.' मी ते ऑफिसच्या फोनवर वाचत होते, आणि कोणी येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

इथवर झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आठवड्याने आमच्याच एका जुन्या मुलीचा अर्ज आला. आठ महिने ती पिल्लू म्हणून खेळत होती, आता तिला मोठं जनावर हवं होतं. जन्मापासून पूर्ण आंधळं, वय चार. जादा शक्ती काही नाही, सगळं नव्या नियमाला धरून. 'पाय चालतो तर डोळे का नाही?' असं खाली लिहिलं होतं. मी पुन्हा काकांना विचारलं. त्यांनी असं काही पाहिलेलं नव्हतं. डोळे न उघडलेलं पिल्लू बीळ सोडून चार वर्षं रानात काढेल, हे मला स्वतःला पटवता येईना. मी नाही म्हटलं. एका डोळ्याचं चालेल, म्हातारपणी नजर मंदावलेलं चालेल, असं सुचवलं. तिने 'बरं' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर सोडून गेली.

मग मी तिचे जुने संदेश काढले. आठ महिन्यांत तीन वेळा तिने विचारलं होतं, 'नकाशा शब्दांत सांगाल का कोणी?' तिन्ही वेळा उत्तर एकच होतं, 'पिन केलाय, बघ.' त्यातलं एक उत्तर माझं. आमचा नकाशा म्हणजे एक रंगीत चित्र आहे. वाट लाल, पाणी निळं, खाली शब्द एकही नाही. पंजा हरवलेल्या जनावराला कळपात कसं घ्यायचं यावर दिवसभर फोन करणाऱ्या मला, ते चित्र सगळ्यांना दिसतं का, हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिला खरंच दिसत नव्हतं का, की फोनचा स्क्रीन लहान होता, हे मला कधी कळणार नाही. जनावराबद्दलचं माझं उत्तर मी बदललेलं नाही. दोन-तीनदा बदलायला घेतलं आणि पुन्हा तसंच ठेवलं. नकाशा मात्र तीन संध्याकाळी बसून शब्दांत लिहिला. पहिल्या खेपेला 'लाल वाटेने' असंच लिहून गेले, ते खोडलं. आता त्याची सुरुवात अशी आहे: 'बिळाच्या तोंडाशी उभे राहा. डावीकडून धरणाच्या पाण्याचा गारवा येईल. उजवीकडे कारवी, अंग घासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पायाखाली माती संपून खडबडीत जांभा लागला की सडा सुरू झाला. तिथे वारा थेट तोंडावर येतो.'

तिच्या खात्यावर पाठवलाय. अजून वाचल्याची खूण नाही.