बदलीची सोय नसलेलं जहाज

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाचा एक प्रकार असतो. नवरा एका तालुक्यात, बायको भलत्याच, तर दोघांना जवळ आणायचं. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-जहाजांवरच्या अमेरिकी मालिकांच्या विश्वात बदलीचा उपयोग नेमका उलटा. दोघं जवळ आली की एकानं दुसरं जहाज गाठायचं. त्यातला एक कॅप्टन असेल तर सामान कोणी बांधायचं, हे सांगायची गरज नाही.

त्यातल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत १९९३ साली आलेला ‘लेसन्स’ हा भाग या बदलीचा अस्सल नमुना. कॅप्टन पिकार्ड रात्री आपला नेहमीचा अर्ल ग्रे चहा मागतात, तर यंत्र बंद. ताऱ्यांचे नकाशे करणाऱ्या विभागाच्या नव्या प्रमुख नेला डॅरेन यांनी प्रयोगासाठी जहाजाची यंत्रणा स्वतःकडे वळवून घेतलेली असते. चहा बुडाला म्हणून बघायला गेलेला माणूस हळूहळू प्रेमात पडतो. बाई पियानो वाजवतात, साहेब बासरी. जहाजात सूर सगळ्यात छान कुठे घुमतात, तर दुरुस्तीसाठी ठेवलेल्या अरुंद बोगद्यांच्या एका जोडावर. मग दोघं तिथे मांडी ठोकून वाजवत बसतात. एरवी गणवेशाला सुरकुती पडू न देणारे पिकार्ड बोगद्यात बसून सूर लावतायत, हे दृश्य मी कधीही बघायला तयार आहे.

पण त्या भागातला माझा खरा आवडता माणूस रायकर. तो जहाजावर दुसऱ्या क्रमांकाचा, माणसांचं आणि यंत्रांचं वाटप त्याच्याकडे. डॅरेनबाई आपल्या विभागासाठी जास्तीची मागणी घेऊन येतात. मागणी रास्त आहे की नाही, हा प्रश्न एका फटक्यात गौण होतो. नाही म्हणावं तर साहेब दुखावतील, हो म्हणावं तर बाकीचे विभागप्रमुख काय म्हणतील? बाईंनी साहेबांचं नावही काढलेलं नाही, साहेबांनी शब्द टाकलेला नाही, तरी रायकर अडकलाच. साहेबांच्या प्रेमाची किंमत सगळ्यात आधी मधल्या फळीला मोजावी लागते, हे ज्यानं लिहिलं त्यानं कुठल्या तरी कचेरीत दिवस काढलेले असणार.

मग यायचा तो प्रसंग येतो. एका ग्रहावर आगीची वादळं, माणसं वाचवायची आहेत, आणि त्या कामाला योग्य माणूस म्हणजे डॅरेन. पिकार्ड पाठवतात. काही जण परत येत नाहीत. ती पण गेली असं समजून पिकार्ड खोलीत बसून राहतात, बासरी पेटीत बंद करून टाकतात. ती येते. जिवंत येते आणि तरीही सगळं संपतं, कारण असं पुन्हा पाठवणं त्यांच्यानं होणार नाही, हे दोघांनाही कळून चुकलंय. बाई बदली मागून निघून जातात.

‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेत १९९८ साली हेच गणित उलट्या उत्तरानं सोडवलं. जखमी बायकोसाठी वॉर्फ नावाचा अधिकारी मोहीम सोडून मागे फिरतो, ती वाचते, पण ज्या खबऱ्याला आणायचं होतं तो मारला जातो. कॅप्टन सिस्को आधी कडक शब्दांत सुनावतात, यापुढे तुला जहाज मिळणं कठीण. आणि मग म्हणतात, माझी बायको तिथे पडली असती तर मीही फिरलो असतो.

आता तिसरी मालिका, ‘व्हॉयेजर’. त्या नावाचं हे जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय, परतीला पंचाहत्तर वर्षं लागतील असा अंदाज. कॅप्टन कॅथरीन जेनवे, आणि त्यांचा उजवा हात चाकोटे, जो मुळात ज्या बंडखोरांना पकडायला जेनवे निघाल्या होत्या त्यांच्यातलाच. इथे बदली करायची कुठे? दुसरं जहाजच नाही. रुसलं, भांडलं, मोडलं तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीत तोच माणूस.

म्हणून लेखकांनी १९९६ साली एका भागात दोघांनाच जहाजावरून उतरवलं. किडा चावून झालेला असा आजार, की तो ग्रह सोडला तर मरण. जहाज टुवॉक या सुरक्षाप्रमुखाच्या हाती देऊन, आमच्यासाठी शत्रूकडे औषध मागायला जायचं नाही असं बजावून, जेनवे त्याला रवाना करतात. खुर्ची गेली, आता दोघंच. बाईंचा जीव मात्र संशोधनात. किडे पकडायचे, उपाय शोधायचा. चाकोटे वाद घालत नाही. तो लाकूड तासतो आणि बाईंना मनसोक्त डुंबता यावं म्हणून उघड्यावर एक न्हाणीचा टब करून देतो. मागितलेला नसतो. जहाजावर कधीतरी बोलण्यात आलेली आवड लक्षात ठेवून केलेलं काम. मला त्यातला प्रणय या सुतारकामात दिसतो, पुढच्या हातात हात वगैरेपेक्षा.

पुढे वादळात सगळी उपकरणं मोडतात, बाई टोमॅटो लावतात, एका रात्री तो त्यांची अवघडलेली मान चेपून देतो आणि दोघंही गडबडतात. तेव्हा जेनवे काय म्हणतात? आपल्या दोघांत काही मर्यादा आखून घ्यायला हव्यात! निर्मनुष्य ग्रहावर बाई नियमावली करायला बसतात. तो एका योद्ध्याची दंतकथा सांगतो, जी दंतकथा नसतेच, त्याच्याच मनातलं असतं. आणि मग टुवॉकचा आवाज येतो. हुकूम मोडून त्यानं औषध मिळवलंय. शेवटच्या दृश्यात दोघं गणवेशात, एकमेकांना कामाच्या सूचना देतायत.

नंतर दोन वर्षांनी पृथ्वीवरून पत्र येतं, जेनवेंची वाट बघणाऱ्या वाग्दत्त वरानं दुसरीशी लग्न केल्याचं. बाई मोकळ्या झाल्या, पण खुर्ची आहेच. शेवटी त्या संगणकानं घडवलेल्या एका आयरिश खेड्यातल्या दारू विकणाऱ्या गड्यावर भाळतात. त्याची उंची थोडी वाढवतात, स्वभावाला धार देतात आणि थंडपणे आज्ञा सोडतात की याची बायको काढून टाका. मी हसलो खरा, पण हाताखाली नसलेला पुरुष त्यांना दुसरा मिळणार तरी कुठून?

२००१ साली मालिका संपताना चाकोटेची जोडी सेव्हन ऑफ नाइनशी जमवली. जेनवे आणि चाकोटे यांची जोडी हवी असलेले चाहते अजून चिडलेले आहेत. माझी तक्रार त्यांच्याहून वेगळी आहे. सेव्हनही त्याच जहाजावर काम करणारी, चाकोटेच्या हाताखालचीच. जहाजावरच्याच बेलाना आणि टॉम या दोन अधिकाऱ्यांचंही लग्न तिथेच झालं, मूलही झालं. कोणी मर्यादा आखल्या नाहीत. उलट म्हाताऱ्या ॲडमिरल जेनवे काळाचे सगळे कायदे मोडून भविष्यातून मागे येतात, आणि त्यामागचं एक कारण हे, की सेव्हन मरते आणि तिचा नवरा चाकोटे पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. साहेबांनी हाताखालच्याचा संसार वाचवायला इतिहास फिरवला. त्या टबाची आठवण मात्र पटकथेत कुणालाच झाली नाही.