आई आधी जाणार

गेले दोन महिने लोक मला एकच विचारतायत, "अगं मग मुलं?" मुलुंडच्या भाजी मार्केटमध्ये, सकाळच्या लेडीज डब्यात, परवा एका बारशाला, सगळीकडे तेच. वय 41, दोन मुलं, 19 वर्षांची नोकरी, आणि येत्या ऑक्टोबरपासून मी जर्मनीत श्टुटगार्टला मास्टर्स करणार आहे. आधी मी एकटी जाणार, मुलांची वार्षिक परीक्षा झाली की नवरा त्यांना घेऊन मागून येणार. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. हेच नवरा पुढे गेला असता आणि मी मागून गेले असते तर कोणी एका शब्दाने विचारलं नसतं. आमच्याच बिल्डिंगमधले तीन बाबा वर्षानुवर्षं दुबई-मस्कतला राहिलेत, त्यांना कोणी विचारलं नाही मुलं कोण सांभाळतंय ते.

म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकते, चाळिशीत असं काही डोक्यात असलेल्या आणखी कोणाला उपयोग झाला तर होईल.

मी सिव्हिल इंजिनीअर, 2005 ची बीई. पहिल्यापासून सांडपाण्याच्या प्रकल्पांच्या डिझाइनमध्ये आहे, म्हणजे मुंबईतल्या माणसाने फ्लश केल्यावर ते पुढे कुठे जातं हा माझा विषय. मला हे काम मनापासून आवडतं, पण गेली काही वर्षं मी जे डिझाइन करते त्यातलं नवं काय ते मला पुस्तकात वाचून कळतं, हाताने केलेलं नसतं, ही गोष्ट मला आतून खात होती. मुलं लहान होती तोवर गप्प बसले. धाकटा तिसरीत गेला तेव्हा नवराच म्हणाला, आता नाही तर कधीच नाही.

सुरुवातीला स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटकडे गेलो दोघं. त्याने आमचं वय, मुलं, काही न विचारता यूकेचा एक वर्षाचा कोर्स पुढे ठेवला आणि "फॅमिली सोबत जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका" म्हणाला. मी टोकन भरणार होते. घरी येऊन रात्री सरकारी वेबसाइट वाचत बसले तर जानेवारी 2024 पासून तिथे वर्गात शिकून करायच्या (रिसर्चच्या नव्हे) मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको, मुलं नेताच येत नाहीत, फक्त पीएचडी आणि रिसर्चवाल्यांना येतात. म्हणजे फी भरून, नोकरी सोडून, वर्षभर मी तिकडे आणि पोरं इकडे, आणि तो माणूस हे बिनधास्त लपवत होता. त्या रात्री मला रडू आलं, रागाचं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की युनिव्हर्सिटी नंतर, आधी त्या देशाचा कुटुंबाचा नियम आणि वयाचा नियम. विशीतल्या मुलाला हे बघावं लागत नाही, आपल्याला लागतं. ऑस्ट्रेलियाचं बघितलं तर शिकून झाल्यावर नोकरीसाठी थांबायचा जो व्हिसा असतो त्याची वयाची मर्यादा जुलै 2024 पासून 50 वरून 35 वर आणलीय, मास्टर्स रिसर्चचं किंवा पीएचडी असेल तरच 50. कॅनडात पीआरच्या, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्याच्या, पॉइंट्समध्ये वयाचे गुण विशीत सगळ्यात जास्त, चाळिशीत दरवर्षी घसरतात, 45 ला शून्य. माझा अभ्यास आणि वर्षभराची नोकरी होईतो मी तिथेच पोचणार. तिथे दार बंद होतं असं नाही, पण मुलांच्या दोन-तीन वर्षांवर मी तो जुगार लावणार नव्हते.

जर्मनी राहिलं. शिक्षणाला वयाची अट नाही, बहुतेक राज्यांत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो आहेत, तरी मला तिथलाच पाण्याचा कोर्स हवा होता म्हणून तेच धरलं. (श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, हे मला अ‍ॅडमिशननंतर कळलं आणि उगाचच फार बरं वाटलं.) शिकून झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिने देतात. आणि तिथेही 45 ची रेघ आहेच, त्यानंतर नोकरीचं परमिट पहिल्यांदा काढलं तर ठरावीक पगार किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. मी 44 च्या आत बाहेर पडते, म्हणून याच वर्षी, पुढच्या नाही.

पैशाचं सांगते कारण तेच कोणी सांगत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधीच भरून ठेवायचे, त्यातून महिन्याला 992 मिळतात. हे फक्त माझ्या एकटीचं, नवरा-मुलांचं वेगळं दाखवायचं. आपली इथली डिग्री खरी आहे हे तपासून देतात ते एपीएस सर्टिफिकेट नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालंय, त्याचे 18,000 रुपये. आणि माझ्या वयाच्या माणसाने नीट वाचावी अशी गोष्ट म्हणजे विमा, स्टुडंटचा स्वस्त सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो, त्यामुळे मला प्रायव्हेट काढावा लागतोय. नवऱ्याचा पीएफ, माझी ग्रॅच्युइटी आणि एज्युकेशन लोन मिळून जमवलं. घर विकलं नाही, ते विकायचं नाही हे पहिल्या दिवशी ठरलं होतं.

बीईला 64 टक्के होते. ते त्यांच्या पद्धतीत बसवायचं सूत्र आहे, पासिंग 40 धरलं तर माझं उत्तर 2.8 येतं, तिथे कमी आकडा म्हणजे चांगलं. काही ठिकाणी 2.5 च मागतात, तिथे मी अर्जच केला नाही. जिथे केला तिथे कामाचा अनुभव नीट मांडला.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावात. मार्कशीटवर माझं माहेरचं नाव, आणि लग्नात सासरी पहिलं नावसुद्धा बदललेलं, पासपोर्टवर ते. तेव्हा तांदळात अंगठीने नाव लिहिताना सगळे टाळ्या वाजवत होते, मला पण गंमत वाटली होती. आता प्रत्येक कागदासोबत लग्नाचं सर्टिफिकेट, राजपत्र आणि अ‍ॅफिडेव्हिट. लेकीला मी सांगितलंय, तुझं नाव तुझंच राहणार.

मी आधी का जाणार याचं कारण पण साधं आहे. कुटुंबाला बोलवायचं तर तिथे पुरेशी जागा दाखवावी लागते, आणि इथे मुलुंडमध्ये बसून श्टुटगार्टला चौघांचं घर भाड्याने मिळत नाही, तिथे जाऊन बघावं लागतं. शिवाय नवऱ्याला जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची परीक्षा, पास व्हायची आहे. तो दर शनिवारी सीएसएमटीला उतरून काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवनात क्लासला जातो, 44 व्या वर्षी वही घेऊन.

आमच्या स्वयंपाकघरात सध्या सगळीकडे पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. जर्मनला मराठीसारखीच तीन लिंगं, डेर, डी, डास, म्हणजे तो, ती, ते, त्यामुळे कल्पना लगेच कळते पण जोड्या जुळत नाहीत. आपली सुरी ती, त्यांचं मेसर ते. आपलं दूध ते, त्यांची मिल्श ती. चमचा मात्र दोन्हीकडे तो. सासूबाई दुपारी त्या चिठ्ठ्या वाचतात, देवनागरीत लिहिल्यात म्हणून. परवा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आणि मूल काय गं त्यांच्यात?" मी म्हटलं, डास किंट, ते. "म्हणजे आपल्यासारखंच, ते मूल," म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सासूबाई येणार नाहीत. त्यांनी स्वतःच सांगितलं, मला थंडी झेपायची नाही, मी नंतर पुण्याला माझ्या धाकट्या मुलाकडे राहीन. तू जा, एप्रिलपर्यंत पोरांचं मी बघते. मला बोलणाऱ्या बायकांना पण त्याच उत्तर देतात, मला तोंड उघडावं लागत नाही.

काळजी मला थोरलीची आहे. धाकटा वर्षात बोलायला लागेल, पण ती आठवीत आहे, मैत्रिणी आहेत, मराठी माध्यमातून आलीय आणि तिला एकदम जर्मनमध्ये इतिहास-विज्ञान. तिचं 16 व्हायच्या आत यायला हवं, नंतर मुलांनाही भाषेची वेगळी अट लागते. तिने दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला होता. मी तिला समजवायला गेले नाही, फक्त रोज रात्री तिच्या शेजारी बसून माझा जर्मनचा अभ्यास करत राहिले. गेल्या रविवारी तिने माझी वही ओढून घेतली, माझी चूक लाल पेनाने दुरुस्त केली, आणि म्हणाली, "बाबाला वेणी घालता येत नाही. तू जायच्या आधी शिकव त्याला."

आज तिसरा दिवस. पेड अजून सैल पडतो, पण रिबन बरोबर बसते.