टाकी भरावी लागली नाही

“टाकी ते काल भरेल शे डॉक्टर, आज भरानी गरजच पडनी नही,” आबा म्हणाले, आणि सांगताना आवाजात जराशी ऐट होती. निपलचं, म्हणजे चोच मारली की थेंब सोडणाऱ्या टोकाचं, पाणी वाया जात नाही हे पिंजरे बसवणाऱ्याने त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. समोर शेडच्या दाराशी 70 मेलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, रांगेने मांडल्या होत्या, आणि हा माणूस मला पाण्याची बचत सांगत होता. मला ते वाक्य कळायला बराच वेळ लागला. त्या वेळाची लाज अजून जात नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मी पशुवैद्य, धुळे-नंदुरबार पट्ट्यात लेयर फार्म, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे फार्म, बघतो. बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे इंजेक्शन. खरं तर दिवसातला निम्मा वेळ शेडमध्ये उगाच उभं राहण्यात जातो. पक्षी कुठे बसलेत, कुठे नाहीत, विष्ठा कशी आहे, नाकाला अमोनिया झोंबतो का, आवाज कसा आहे, एवढंच. आणि उरलेला अर्धा वेळ फोनवर. घोटाळा झाला तो फोनवर.

आबांचा हा पहिलाच धंदा. आयुष्यभर कापूस केला, आता कर्ज काढून साक्रीच्या पुढे 2,400 पक्ष्यांची शेड उभारली. तीन मजली पिंजरे, दोन रांगा. पंधरा बाय अठरा इंचांच्या खणात चार पक्षी, म्हणजे एकीच्या वाट्याला 67 चौरस इंच. युरोपात असले उघडेबोडके पिंजरे 2012 पासून बंद आहेत. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टच पिंजऱ्यापासून सुरू होतो. असो, तो वाद वेगळा. दिवसाचं पिल्लू वाढवण्याचा व्याप नको म्हणून आबांनी 15 आठवड्यांच्या तयार तलंगा घेतल्या. त्या वाढल्या होत्या जमिनीवर, भाताच्या तुसात. रविवारी रात्री गाडी आली, अंधारात पक्षी पिंजऱ्यात भरले. इथपर्यंत सगळं शास्त्रानुसार.

सोमवारी चार मेल्या. फोनवर मी म्हटलं, वाहतुकीचा ताण आहे, ऊन आहे, पाण्यातून इलेक्ट्रोलाइट द्या. दाणा उचलत नाहीत म्हणाले. म्हटलं, नवीन जागा, दोन दिवस जातील. मंगळवारी 31. तोवर आबांच्या मुलाने फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते आणि ग्रुपवरच्या पंडितांनी निदान करून टाकलं होतं: मानमोडी, म्हणजे राणीखेत. औषध दुकानदाराने त्यावर चार हजारांचं अँटिबायोटिक विकलं. राणीखेत विषाणूने होतो, त्याला अँटिबायोटिक चालत नाही, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तेही पाण्यातूनच द्यायचं होतं.

बुधवारी दुपारी पोचलो तेव्हा पत्र्याखाली श्वास घेववत नव्हता. आबांच्या मनात जो शब्द होता तो ते उच्चारत नव्हते, पण आमच्याकडे तो उच्चारायची गरज नसते. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो इथून जवळच, नवापूरला. 2021 मध्ये पुन्हा तिथेच. मूठभर कोंबड्या एकदम मेल्या की इथला माणूस आधी रस्त्याकडे बघतो, सरकारी गाडी येते का ते. म्हणून मीही आधी पक्षी उघडला नाही. तसा संशय असला तर उघडायचा नसतो, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं असतं. बाहेरून पाहिलं. तोंडाला सूज नाही, तुरा निळाजांभळा नाही, पायावर रक्ताचे ठिपके नाहीत. आणि रोग जसा एका टोकाकडून सरकतो तशी मर सरकत नव्हती. दोन्ही रांगांत सगळीकडे सारखी विखुरलेली. मग मास्क, हातमोजे चढवून एक पक्षी घेतला.

कातडी निघेना. ताज्या पक्ष्याची कातडी छातीवरून हलक्या हाताने सुटते. ही मांसाला चिकटून बसली होती. मांस गडद, बोटाला चिकट. गळ्याखालच्या पिशवीत दाण्याचा गोळा, वाळलेल्या मातीच्या ढेकळासारखा. प्रोव्हेंट्रिक्युलसमध्ये, म्हणजे जठराच्या पुढच्या भागात, रक्ताचा एक ठिपका नाही, आतड्यात व्रण नाहीत, श्वासनळी स्वच्छ. राणीखेत तिथेच गळून पडला. मग मूत्रपिंडं पाहिली. फिकट, सुजलेली, आणि त्यातून निघणाऱ्या नळ्या खडूच्या पांढऱ्या चुऱ्याने गच्च भरलेल्या. हृदयाच्या आवरणावरही तीच पांढरी भुकटी, कुणी पिठाचा हात पुसावा तशी. दुसरा पक्षी तसाच. तिसराही.

चौथ्याला कात्री लावताना टाकीचं ते वाक्य डोक्यात येऊन आदळलं.

या वयाची तलंग दिवसाला 65-70 ग्रॅम दाणा खाते आणि साध्या हवेत त्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात तिप्पट-चौपट. 2,400 पक्ष्यांना साध्या दिवसातसुद्धा तीनशे-साडेतीनशे लिटर लागावं. त्या उन्हात हजाराची टाकी दिवसात निम्म्याच्या आसपास रिकामी व्हायला हवी होती. ती काल भरलेली, आज जवळजवळ तशीच. निपल मी एकेक दाबून पाहिले. सगळ्यांतून पाणी येत होतं. पक्षी पाण्याखाली उभे राहून तहानेने मरत होते. पाण्यावाचून मूत्रपिंडं अशीच पांढऱ्या चुऱ्याने भरतात.

जिथे वाढल्या तिथे त्या बेल ड्रिंकरवर प्यायच्या. लाल, टांगलेली, काठाशी पाणी चमकणारी गोल घंटा. पाणी म्हणजे खाली, उघडं, चमकणारं. पंधरा आठवडे एवढंच शिकलेल्या. इथे पाणी डोक्यावर, लोखंडाच्या टोकात लपलेलं, वर चोच मारल्याशिवाय न येणारं. आपण म्हणतो, जनावराला पाणी शोधायला शिकवावं लागतं होय? लागतं. स्वीडनमधला 1999 चा एक अभ्यास मी कधीतरी वाचला होता: पिल्लांना पहिल्या चार आठवड्यांत बसायला दांड्या मिळाल्या नाहीत, तर मोठेपणी मोकळ्या घरात ती जमिनीवर अंडी घालतात आणि एकमेकींच्या गुदद्वाराला टोचून जीव घेण्याचं प्रमाणही वाढतं. लहानपणीचं घर पक्ष्याच्या अंगात उतरतं. हे वाचताना ते परदेशातल्या मोकळ्या कोंबड्यांबद्दल आहे असं मी धरून चाललो होतो.

हे एवढंच असतं तरी बहुतेकींनी दुसऱ्या दिवसापर्यंत चुकूनमाकून टोचलं असतं, एकीचं बघून दुसरी शिकली असती. मी एक पक्षी हातात घेतला, चोच निपलला टेकवली. थेंब आला. तिने मान झटकली आणि मागे ओढली. पुन्हा टेकवली, पुन्हा झटका. मग मी चोच नीट बघितली. कापलेलं टोक अजून काळपट, मऊ होतं. आठ दिवसांपूर्वीचं डिबीकिंग, म्हणजे एकमेकींना टोचू नये म्हणून चोचीचं टोक कापणं. गाडी येण्याआधी आबांनी फोन केला होता, “चोच तिकडूनच करून आणू का, म्हणजे इथे कटकट नको?” मी गाडी चालवत होतो. म्हटलं, आणा. एवढंच म्हटलं. पाणी कशावर पितात हे विचारलं नाही. भाजलेल्या जिभेने कुणी खिळ्याला चाटावं, तसं ते निपल त्यांना होत असणार.

आणि याची साक्ष शेडमध्ये तीन दिवस लटकत होती. दुसऱ्या रांगेत खालच्या लाइनची एक कपलिंग गळत होती. पाणी पाइपवरून ओघळून सहा खणांत टपटपत होतं. त्या सहा खणांतल्या 24 च्या 24 तलंगा टवटवीत होत्या. एक तर चक्क दाणा चोचीने ओढून जाळीवर बसून पंख घासत होती, तुसात लोळल्यासारखी. खाली धूळ नाही, तार आहे, तरी धुळीतली अंघोळ चालू. सोमवारीच फोनवर मी आबांना सांगितलं होतं, गळती असेल तर बंद करा, विष्ठा ओली होते, माशा होतात. त्यांनी बाकी सगळ्या गळत्या माझं ऐकून बंद केल्या होत्या. या एका कपलिंगचा भाग गावात मिळाला नव्हता.

“आते काय करानं?” आबा.

खानदेशात एका गोष्टीची कमी नाही, ठिबकच्या पीव्हीसी पाइपांची. शेताकडून चार आणले, उभे चिरले, पन्हळी करून दाण्याच्या चॅनेलवर तारेने बांधल्या. टाकीतलं पाणी चहासारखं तापलं होतं, विहिरीचं आणलं. थोडं थोडं सोडलं, कारण तहानलेला पक्षी एकदम ढोसतो आणि त्यानेही मरतो. त्यांनी माना घातल्या तो आवाज मी विसरणार नाही. कलकलाट नाही, नुसता ओला पुटपुटाट, शेडभर.

निपलचं शिकवणं रात्री केलं. प्रेशर कमी केलं, म्हणजे टोकाला थेंब लोंबून राहतो आणि जोर लावावा लागत नाही. पिंजरेवाल्याने लाइन अंड्यावरच्या कोंबडीच्या उंचीने बसवली होती, ती दोन बोटं खाली घेतली. 300 निपल. मी, आबांचा मुलगा आणि आबांची म्हातारी आई. आम्ही दोघं भराभर दाबत पुढे जायचो. आजी प्रत्येक खणाशी थांबायची, थेंब बोटावर घ्यायची, चोचीसमोर धरायची. “पी वं माय, पी.” तिची रांग आमच्याआधी शिकली.

पुढच्या चार दिवसांत पन्हळी एकेक करत काढल्या. एकूण 168 गेल्या. ज्या जगल्या त्यांतल्या किती जणींची मूत्रपिंडं कायमची अधू झाली ते वर्षभर अंड्यांच्या हिशोबात कळेल. तलंगा वाढवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “आमचा पक्षी एक नंबर असतो साहेब, तुमच्याकडेच काहीतरी.” अर्धं खरं होतं, म्हणून मी भांडलो नाही. आबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की चोचीला हो कुणी म्हटलं. त्यांना आठवतंय की नाही, मला माहीत नाही. मीही काढलं नाही.

गेल्या महिन्यात गेलो होतो. अंडी सुरू झालीत. ती गळकी कपलिंग अजून तशीच आहे. खाली विष्ठा ओली, माशा आहेतच. मी बघितलं आणि पुढच्या खणाकडे गेलो.