खासगी इंजिनिअरिंगची फी: पैसा पेरणीत अडकलेला असताना

कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या पावसाळ्यात लागतात. तेव्हा आपल्याकडे पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो आणि सोयाबीन घरात यायला दिवाळी उजाडते. त्यामुळे चार वर्षांच्या एकूण फीपेक्षा पहिला हप्ताच घराला जड जातो. तो भागवायला सावकाराकडून महिना शेकडा तीनने उचललेला पैसा वर्षाला ३६ टक्क्यांना पडतो. लातूर-नांदेडला क्लासची फी भरतानाच हा हप्ता बाजूला काढायला हवा.

फीचा आकडा एजंटाला विचारू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते. तिच्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. शिष्यवृत्ती शिक्षण शुल्कावर मिळते, विकास शुल्क खिशातूनच जातं. वसतिगृह, मेस, बस यांचा खर्च निराळा.

घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ते पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याची जागा घेतली की हे सगळं गेलं, आणि घाईत नेमकं हेच विसरलं जातं. उत्पन्नाचा दाखला सेतूत गर्दी व्हायच्या आधी काढा. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, पैसा आधारशी मॅप असलेल्या खात्यातच जातो, त्यामुळे मुलाचं खातं तसं आहे का हे बँकेत विचारून घ्या. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

आता कर्ज. समजा दरवर्षी २ लाख, असे चार वर्षांत ८ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं १ लाख, पुढच्यांवर ८०, ६० आणि ४० हजार. म्हणजे सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू होताना ८ लाखांचे १० लाख ८० हजार झालेले असतात आणि दहा वर्षं महिना साधारण १४,३०० भरावे लागतात. तेच शिकत असताना आणि पुढच्या त्या एका वर्षात नुसतं व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना १,६६७ आणि चौथ्या वर्षापासून ६,६६७, तर पुढचा हप्ता १०,६०० च्या आसपास राहतो. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही सूट देतात, ती मागून घ्यावी लागते.

साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते. सातबारा पुढे केला तर मॅनेजर मान हलवतो, कारण बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही आणि वसुली अवघड जाते. एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर चालतं. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. ते आधी नवं-जुनं करून, म्हणजे जुनं भरून नव्याने उचलून, घ्या, मगच फाइल द्या. आणि मंजुरी चारही वर्षांची एकदम घ्या. मग दरवर्षी मार्कमेमो आणि कॉलेजचं फीचं पत्र दिलं की कर्जाची पुढची रक्कम कॉलेजच्या खात्यात जमा होते.